दंडघेराची पट्टी आणि बुद्धीची जनुकं

मनीषनगर हे नागपूरच्या दक्षिणेकडचं झपाट्यानं वाढलेलं उपनगर. वर्धा रोडवरून रेल्वेलाईन ओलांडली की बेसा-बेलतरोडीपर्यंत फ्लॅट स्कीम लागतात. या घरांमध्ये मुलांच्या बुद्धीची जेवढी काळजी वाहिली जाते तेवढी क्वचितच दुसऱ्या कशाची वाहिली जात असेल. तिसरीपासून अबॅकस, सहावीपासून फाउंडेशन, पुढे नीट-जेईईचे क्लास. बोटांचे ठसे घेऊन मुलाची ‘जन्मजात’ बुद्धी सांगणाऱ्या चाचणीलाही आज शहरोशहरी गिऱ्हाईक आहे; तिला शास्त्रीय आधार नाही असं भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं स्पष्ट सांगूनही ते कमी झालेलं नाही. याच स्कीमच्या शेजारी, जिथे स्लॅब अजून पडायचे आहेत तिथे, पत्र्याच्या खोल्यांमध्ये बालाघाट, छिंदवाडा, गोंदिया आणि छत्तीसगडकडून कामाला आलेल्या मजुरांची लेकरं वाढत असतात. एकात्मिक बालविकास योजनेत पर्यवेक्षिका म्हणून माझं काम या दुसऱ्या मुलांचं आणि त्यांच्यासारख्या वस्त्यांमधल्या मुलांचं. मात्र या कामात जो प्रश्न सतत समोर येतो, तो पहिल्या घरांमधून येतो. हुशारी रक्तातच असते, मग खिचडीनं आणि अंगणवाडीतल्या गाण्यांनी काय फरक पडणार? आता त्याला जनुकशास्त्राची भाषाही मिळाली आहे. या प्रश्नाचं नीट, पुराव्यानिशी उत्तर द्यायला हवं, म्हणून हा लेख. माझं म्हणणं एवढंच आहे: बुद्धीची जनुकं शोधून आजच्या मुलाला जे देता येईल त्याच्या कितीतरी पट अधिक आपण आहार, खेळ आणि शाळा यांतून देऊ शकतो. ते कसं द्यायचं हे माहीत आहे, आणि ते अर्धवट सोडून दुसऱ्याच्या मागे धावणं हा अन्याय आहे.

आमच्या कामाची हत्यारं साधी आहेत. वजनकाटा, दोन वर्षांखालच्या बाळाला आडवं निजवून लांबी मोजायचा इन्फंटोमीटर, मोठ्यांसाठी स्टेडिओमीटर आणि दंडघेर मोजायची पट्टी. ही पट्टी हिरव्या, पिवळ्या आणि लाल रंगात विभागलेली असते. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, डाव्या दंडाभोवती ती गुंडाळायची. सैल सोडायची नाही आणि आवळायचीही नाही. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर साडेबारा सेंटिमीटरच्या खाली आला की मूल पिवळ्या पट्ट्यात, म्हणजे ‘मॅम’मध्ये (मध्यम कुपोषण), साडेअकराच्या खाली गेला की लाल पट्ट्यात, म्हणजे ‘सॅम’मध्ये (तीव्र कुपोषण). लाल पट्ट्यातल्या मुलाला साध्या आजारातही जिवाचा धोका असतो, म्हणून आमचं सगळं लक्ष तिथे असतं. परंतु ही पट्टी एक गोष्ट दाखवत नाही. गर्भात असल्यापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या पहिल्या १००० दिवसांत मेंदू ज्या वेगानं वाढतो त्या वेगानं पुन्हा कधीच वाढत नाही. त्या काळात शरीराला मिळणाऱ्या ऊर्जेचा फार मोठा वाटा एकटा मेंदू खातो. चेतातंतूंवरचं आवरण तयार व्हायला लोह लागतं, गर्भातल्या मेंदूची घडण व्हायला आयोडीन लागतं. चहात बुडवलेल्या टोस्टवर आणि पाच रुपयांच्या कुरकुरीत पुड्यावर ज्या मुलाचा दिवस निघतो, त्याचं पोट भरल्यासारखं वाटतं, पण मेंदूचा वाटा त्याला मिळालेला नसतो. दंड पुढे भरून निघतो. या काळात हुकलेलं बरंचसं मात्र भरून निघत नाही.

जनुकांच्या बाजूनं जे म्हटलं जातं ते आधी प्रामाणिकपणे मांडायला हवं, कारण ते खोटं नाही. एकसारखी जुळी आणि साधी जुळी यांची तुलना करणाऱ्या अनेक दशकांच्या अभ्यासांतून असं दिसतं की बुद्ध्यंकातल्या फरकांचा मोठा वाटा, प्रौढपणी निम्म्याहून अधिक, जनुकीय फरकांशी जोडलेला आहे. गेल्या काही वर्षांत थेट डीएनए वाचून हे शोधणं सुरू झालं. २०१८ मध्ये सुमारे २,७०,००० लोकांच्या अभ्यासात बुद्धीशी संबंधित २०५ जागा सापडल्या. २०२२ मध्ये ३० लाख लोकांच्या अभ्यासात शिक्षणाच्या वर्षांशी जोडलेले जवळपास ४,००० जनुकीय बदल सापडले. हे काम कष्टाचं आहे आणि करणारे लोक लबाड नाहीत. मात्र त्याचं फलित बघा. पहिल्या अभ्यासातले जनुकीय बदल एकत्र जोडून बनवलेल्या गुणांकानं बुद्धीतल्या फरकाचा साधारण ५ टक्के भाग सांगता येतो, दुसऱ्यातून शिक्षणाच्या वर्षांतल्या फरकाचा १२ ते १६ टक्के. एकाच घरातल्या भावंडांमध्ये हाच गुणांक लावला तर त्याची ताकद निम्म्याच्या आसपास येते, कारण बाकीचा भाग जनुकांपेक्षा घरचं वातावरण आणि आईवडिलांचं शिक्षण यांनी उचललेला असतो. शिवाय या अभ्यासांतली माणसं बहुतांशी युरोपीय वंशाची आहेत. आफ्रिकन अमेरिकन लोकांवर शिक्षणाच्याच २०१८ मधल्या आधीच्या अभ्यासाचा गुणांक लावला तेव्हा तो दीड टक्क्याच्या आसपास घसरला. गोंड, कुणबी, महार, कोष्टी, मुसलमान अशा सगळ्यांनी मिळून बनलेल्या आपल्या वस्तीतल्या एखाद्या मुलाबद्दल त्यातून काही सांगू पाहणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

आनुवंशिकतेचं प्रमाण जास्त असलं म्हणजे परिस्थितीला वाव कमी, हा समज सर्वांत जास्त नुकसान करतो. अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७० मध्ये बियाण्याच्या दाखल्यानं तो खोडून काढला होता, आणि विदर्भात तो दाखला समजवायला वेळ लागत नाही. सरकीच्या एकाच पिशवीतलं बियाणं निम्मं काळ्या कसदार ओलिताच्या रानात टाकलं आणि निम्मं बरड कोरडवाहूत, तर प्रत्येक रानातल्या पऱ्हाटीच्या झाडाझाडांतला उंचीचा फरक बियाण्याचाच असेल. दोन रानांमधला फरक मात्र पूर्णपणे जमिनीचा आणि पाण्याचा. माणसाच्या उंचीचंही तसंच. उंची बुद्धीपेक्षाही अधिक आनुवंशिक आहे, तरी एका शतकात दक्षिण कोरियातल्या स्त्रियांची सरासरी उंची सुमारे २० सेंटिमीटरनी वाढली. तेवढ्या काळात कोरियन लोकांची जनुकं बदलली नाहीत, ताटं बदलली. जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिलं की अनेक देशांमध्ये बुद्ध्यंकाची सरासरी दर दशकाला साधारण ३ गुणांनी वाढत होती. पिढीभरात जनुकं एवढी बदलत नाहीत. २००३ मध्ये एरिक टर्कहायमर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सात वर्षांच्या जुळ्यांचा अभ्यास केला, तेव्हा गरीब घरांमध्ये बुद्ध्यंकातल्या फरकाचा बहुतेक भाग घरच्या परिस्थितीचा निघाला आणि जनुकांचा वाटा जवळपास शून्य. सुखवस्तू घरांत उलटं चित्र होतं. पश्चिम युरोप आणि ऑस्ट्रेलियात हा फरक नंतर आढळला नाही, हेही सांगायला हवं. पण तिथे गरिबातल्या गरिबालाही दवाखाना आणि बरी शाळा मिळते. जिथे ती मिळत नाही तिथे जनुकांत काय दडलं आहे ते बाहेर येतच नाही, एवढा अर्थ या दोन्ही निष्कर्षांतून निघतो.

आता दोन्ही बाजूंचे आकडे शेजारी मांडून पाहू. परदेशात काही कंपन्या कृत्रिम गर्भधारणेतल्या भ्रूणांपैकी ‘हुशार’ भ्रूण निवडून देण्याची भाषा करू लागल्या आहेत. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये याचा हिशेब केला. दहा भ्रूणांमधून सर्वाधिक गुणांकाचा एक निवडला, तर तेव्हाच्या माहितीच्या आधारे सरासरी फायदा होता सुमारे अडीच गुणांचा. ही माहिती पुढे सुधारेल, आकडा थोडा वाढेलही. त्याच्यासमोर आयोडीन ठेवा. तीव्र आयोडीन कमतरतेच्या भागांत वाढलेल्या मुलांचा बुद्ध्यंक पुरेसं आयोडीन मिळालेल्या मुलांपेक्षा सरासरी १२ ते १३ गुणांनी कमी आढळतो. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगानं आयोडीनयुक्त मिठानं गलगंड रोखता येतो हे सिद्ध केलं, आणि १९६२ मध्ये देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्याचा खर्च माणशी वर्षाला अगदी थोडा. शाळेचंही असंच. २०१८ मध्ये सहा लाखांहून अधिक लोकांवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा शिक्षणाचं प्रत्येक जादा वर्ष बुद्ध्यंकात १ ते ५ गुणांची भर घालतं असं दिसलं. हे लिहिणाऱ्यांपैकी स्टुअर्ट रिची हे बुद्ध्यंकाच्या उपयोगाचे खंदे समर्थक आहेत, म्हणून त्यांची साक्ष अधिक मोलाची. अडीच गुणांसाठी लाखो रुपये, प्रयोगशाळा आणि सुया. आणि मीठ, लोह, एक वर्ष शाळा यांच्यातून त्याहून अधिक, तेही प्रत्येक मुलाला.

यावर सर्वांत बिनतोड वाटणारा आक्षेप असा की आहाराच्या योजना ५० वर्षं चालल्या, काय झालं? एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी होती. सहा महिने ते पाच वर्षांमधली ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयानं ग्रासलेली. आधीच्या फेरीत हा आकडा ५३.८ होता. ही आकडेवारी लाजिरवाणी आहे, आणि माझ्यासारख्या या कामातल्या माणसाला ती झाकायची नाही. पण याच राज्यानं मधल्या काळात एक धडाही घालून दिला आहे. मेळघाटातल्या बालमृत्यूंनी राज्य हादरल्यावर, आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘कोवळी पानगळ’ अहवालानं मृत्यूंची खरी संख्या समोर आणल्यावर, २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झालं. व्ही. रमणी या सनदी अधिकाऱ्यानं ते चालवलं. भर होता पहिल्या १००० दिवसांवर, वजन-उंचीच्या खऱ्या नोंदींवर आणि आरोग्य व अंगणवाडी ही दोन खाती एकत्र बसवण्यावर. दोन वर्षांखालच्या मुलांमधलं खुजेपण २००५–०६ मध्ये ३९ टक्क्यांच्या आसपास होतं, ते २०१२ च्या पाहणीत २४ च्या घरात आलं. सहा-सात वर्षांत एवढी घट, तीही जनुकांना हात न लावता. त्यानंतर रेटा सैल पडला आणि चित्र थांबलं. योजना निकामी असती तर ती जोमानं राबवल्यावर आकडा हललाच नसता. औषध लागू पडतं हे दिसलं आहे; ते पुऱ्या मात्रेत दिलं गेलेलं नाही. २०१७ मध्ये ठरलेला अंगणवाडीतल्या मुलाच्या आहाराचा दर दिवसाला ८ रुपये होता. आठ रुपयांत कोणता मेंदू घडवायचा, हे एकदा हिशेब मांडून पाहावं.

केवळ पोट भरलं की बुद्धी वाढते, असं मात्र मी म्हणणार नाही. पुरावाही तसं सांगत नाही. जमैकात किंग्स्टनच्या वस्त्यांमधल्या १२९ खुज्या मुलांचा सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी १९८६ पासून अभ्यास केला. काहींना पूरक आहार मिळाला, काहींच्या घरी आठवड्यातून एकदा कार्यकर्ती जाऊन आईला बाळाशी खेळायला, बोलायला शिकवू लागली. खेळणी घरच्या टाकाऊ वस्तूंची. दोन वर्षं हे चाललं. वीस वर्षांनी पाहिलं तेव्हा आहाराचा परिणाम पुसला गेला होता, पण खेळ-गप्पा मिळालेल्या मुलांची कमाई इतर खुज्या मुलांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त होती. दुसरीकडे ग्वाटेमालातल्या चार खेड्यांमध्ये १९६९ ते १९७७ दरम्यान प्रथिनयुक्त पेज मिळालेल्या मुलांमधले पुरुष मोठेपणी तासाला सुमारे ४६ टक्के अधिक मजुरी मिळवत होते. म्हणजे दोन्ही लागतं. हे आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना कधीच उमगलं होतं. १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला त्यांनी अंगणात, कुरणात, वस्तीत जाऊन बालवाडी नेली. आंघोळ, स्वच्छता, खाऊ, गाणी, चिंचोके, पानं आणि गोष्टी एकाच वेळी. अंगणवाडीत खिचडी वाटण्यापूर्वी सेविकाताई मुलांना चिंचोके मोजायला लावते, पानांचे आकार ओळखायला लावते, तेव्हा ती अनुताईंचीच परंपरा चालवत असते. बांधकामावरच्या मुलासाठी तर हा तास अधिक गरजेचा, कारण आई दिवसभर घमेली वाहते आणि त्याच्याशी बोलायला तिच्याजवळ ना वेळ असतो ना त्राण.

शाळेतल्या जेवणाबद्दलही असाच पुरावा आहे. नोव्हेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सरकारी प्राथमिक शाळांत शिजवलेलं अन्न देण्याचा आदेश दिला. राज्यांनी तो वेगवेगळ्या वेळी लागू केला, त्यामुळे तुलना करता आली. पाच वर्षांपर्यंत हे जेवण मिळालेल्या मुलांचे वाचनातले गुण १८ टक्क्यांनी आणि गणितातले ९ टक्क्यांनी जास्त होते. २०२१ च्या दुसऱ्या एका अभ्यासात तर ज्या मुलींनी शाळेत हे जेवण खाल्लं, त्या आई झाल्यावर त्यांची मुलंही उंचीला सरस निघाली. आजच्या आहाराचा परिणाम पुढच्या पिढीत उतरतो, हे ‘रक्तात असतं’ म्हणणाऱ्यांनी जरूर लक्षात घ्यावं. पिढीजात दिसणारं सगळं जनुकांचं नसतं; अशक्त आईच्या पोटी कमी वजनाचं बाळ येणं हाही एक वारसाच आहे, आणि तो तोडता येतो. म्हणूनच २०२३ च्या अखेरीस महाराष्ट्रानं शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं दिलं तेव्हा बरं वाटलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवून ते लोकवर्गणीवर सोडलं गेलं तेव्हा तितकंच वाईट वाटलं. अंड्यात मेंदूला हवं असलेलं कोलीन, उत्तम प्रथिनं, जीवनसत्त्वं असतात. त्यात भेसळ होत नाही, आणि न शिजवता वाढलंच जाऊ शकत नाही.

आणखी एक आक्षेप अभ्यासकांचा आहे: लवकर मिळालेला बुद्ध्यंकातला फायदा पुढे विरून जातो. हे अंशतः खरं आहे. मिशिगनमधल्या इप्सिलांटीत १९६२ पासून चाललेल्या पेरी बालवाडी प्रयोगातल्या १२३ मुलांचा पाठपुरावा दशकानुदशकं झाला. बालवाडीतल्या मुलांचा वाढलेला बुद्ध्यंक काही वर्षांत इतरांच्या बरोबरीला आला. पण चाळिशीत तीच मुलं जास्त कमावत होती, अधिक शिकलेली होती, तुरुंगात कमी गेली होती. आपल्याला हवं आहे ते चाचणीवरचे गुण नाहीत. हाती घेतलेलं काम तडीस नेणारी, वाचून समजून घेणारी, चारचौघांत नीट वागणारी माणसं हवी आहेत. या फळाकडे पाहिलं तर विरण्याचा मुद्दा बराच हलका होतो. शिवाय बालवाडीनंतरची शाळाच निकृष्ट असेल तर आधी मिळालेलं टिकणार कुठून? त्यावर उपाय बालवाडी सोडणं हा नाही, पहिली-दुसरीची शाळा सुधारणं हा आहे.

मग जनुकांवरचं संशोधन थांबवायचं का? ज्ञान हे ज्ञान असतं, आणि त्याचा पैसा वेगळ्या पेटीतून येतो, हा आक्षेप रास्त आहे. मी जनुकशास्त्राच्या विरोधात नाही. नागपूरकराला तसा विरोध परवडणारच नाही. १९५८ मध्ये नागपूरच्या डॉक्टरांनीच मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली. एका जनुकातलं एक अक्षर बदलतं आणि तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. इथे जनुक सापडलं की पुढचा मार्ग दिसतो: तपासणी, हायड्रॉक्सियुरिया, लसी, लग्नाआधीचा सल्ला. सिकलसेलमुळे मेंदूला रक्त कमी पडून मुलांचं शिकणंही खुंटतं. जुलै २०२३ मध्ये सात कोटी लोकांच्या तपासणीचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं. जनुकशास्त्राचा पैसा विदर्भात इथे लागावा. नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचे चार थेंब घेऊन थायरॉइडची जन्मजात कमतरता शोधता येते. वेळेत गोळी सुरू झाली तर मतिमंदत्व टळतं. फिनाइलकीटोन्युरिया तर पूर्णपणे जनुकीय आजार, आणि त्याचा उपाय आहे खास आहार. ‘जनुकीय’ म्हणजे ‘अटळ’ नव्हे, हे याहून स्पष्ट कोण सांगणार? उलट हजारो जनुकांत विखुरलेल्या, प्रत्येकी कणभर परिणाम करणाऱ्या बुद्धीच्या शोधातून उद्या सकाळी अंगणवाडीत वेगळं काय करायचं, याचं एकही उत्तर अजून मिळालेलं नाही. पेट्या वेगळ्या असल्या तरी समाजाचं लक्ष एकच असतं. ‘जन्मजात’ हा शब्द वर्तमानपत्रात वाढला की वस्तीतल्या मुलांवर पैसा घालणं वाया आहे, असं बोलणाऱ्यांना बळ मिळतं.

या बोलण्याचा इतिहास आपल्याला ठाऊक असायला हवा, कारण एका मराठी बाईनं तो जवळून पाहिला. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनच्या कैसर विल्हेल्म संस्थेत संशोधनाला गेल्या. मानववंश, आनुवंशिकता आणि सुप्रजननाची ही संस्था, प्रमुख ऑयगेन फिशर. गोऱ्या युरोपीय लोकांच्या कवट्या असमान असतात आणि त्यातून त्यांची श्रेष्ठ बुद्धी दिसते, हे त्यांचं गृहीतक होतं. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि वंशाचा या असमानतेशी काही संबंध नाही असं आपल्या मार्गदर्शकाविरुद्ध लिहून दिलं. पुढे याच संस्थेनं नाझींच्या वंशविषयक धोरणाला शास्त्राचा मुलामा दिला. त्यानंतर काही वर्षांनी, १९३६ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ या आपल्या न झालेल्या भाषणात जातीला सुप्रजननाचा आधार देणाऱ्यांना उत्तर दिलं. जातींनी वंश सुधारला असेल तर हा समाज उंचीनं आणि बळानं इतका खुजा कसा, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढे २०१९–२१ च्या पाहणीतही राज्यातली तिसऱ्या हिश्शाहून अधिक मुलं खुजी निघाली. आजचे जनुकशास्त्रज्ञ फिशर नाहीत, पण ‘कोणाच्या रक्तात काय आहे’ हा प्रश्न आपल्या देशात कधीच निरुपद्रवी नव्हता.

म्हणून मनीषनगरातल्या सुजाण पालकांना, आणि त्यांच्या मतांना किंमत देणाऱ्या राज्यकर्त्यांना माझं सांगणं आहे. अंगणवाडीतल्या आहाराचा दर महागाईशी बांधा. आठवड्याचं अंडं सरकारी खर्चानं परत द्या. प्रत्येक मोठ्या बांधकामावर मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघर आणि बालवाडी असलीच पाहिजे, अशी अट परवानगीतच घाला आणि ती तपासा. गरोदर बाईच्या रक्तातलं लोह आणि सिकलसेल यांची तपासणी एकाच फेरीत करा. सेविकेची नोंदवह्या आणि ॲपमधली माहिती भरण्यातून सुटका करून तो वेळ मुलांना द्या. हे झाल्यावरही माणसामाणसांत बुद्धीचे फरक राहतील, आणि त्यांत जनुकांचा वाटा तेव्हा खऱ्या अर्थानं दिसेल. तो दिवस यावा असं मलाही वाटतं, कारण ज्या समाजात मुलांमधला उरलेला फरक फक्त जनुकांचा आहे, त्या समाजानं प्रत्येक लेकराला त्याच्या हक्काचं सारं दिलेलं असेल.